न बुडणारी घटिका

माझी आजी सांगत असे की, तिच्या लग्नात मुहूर्त साधण्यासाठी भटजींनी घटिका मांडली होती. मनगटी घड्याळे तेव्हा मांडवात दोघा-तिघा पाहुण्यांच्या हातांवर होती. पण प्रत्येकाचे घड्याळ निराळे बोलत होते, आणि भटजींचा विश्वास त्यांतल्या एकावरही नव्हता. म्हणून पाण्याने भरलेल्या गंगाळात तांब्याची वाटी सोडली. तिच्या तळाला सुईच्या अग्राएवढे छिद्र. त्यातून पाणी हळूहळू आत चढते, आणि २४ मिनिटांनी वाटी भरून बुडते. ती बुडाली की एक घटिका झाली. अशा ६० घटिकांचा एक दिवस. ‘घड्याळ’ हा आपला शब्दही या घटिकेच्याच कुळातला. भास्कराचार्यांच्या लीलावतीची आख्यायिका आपण सगळ्यांनी ऐकलेली आहे. तिच्या दागिन्यातला मोती वाटीत पडला, छिद्र बुजले, वाटी बुडलीच नाही आणि मुहूर्त टळला. तात्पर्य, आपल्या पूर्वजांचे घड्याळ बुडून वेळ सांगत असे. न बुडणे हा त्याचा दोष होता.

आज मी वाचकांना ज्या घड्याळाची हकिकत सांगणार आहे, त्याचा धर्म नेमका याच्या उलट.

यंदा श्रावणात माझ्या मामींनी एका येणाऱ्याबरोबर एक पुडके पाठवले. मामांना जाऊन तेव्हा वर्ष झाले होते. पुडक्यात मऊ धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले मामांचे घड्याळ होते, आणि निरोप होता तो असा : “पावसाने मागच्या पडवीच्या रिपा कुजल्या, कौले घसरली. शहरात जुन्या घड्याळांना गिऱ्हाईक असते म्हणतात. तू मास्तर माणूस, तुला कोणी फसवणार नाही. विकून येतील ते पाठव.” मास्तर माणसाला कोणी फसवत नाही, ही मामींची समजूत ऐकून माझे घरचे लोक खूप हसले.

मामा मालवाहू बोटीवर खलाशी होते. कोकणातल्या किती घरांनी आपली पोरे बोटींवर पाठवली आणि त्यांच्या पगारावर कौले घातली, याचा हिशेब कोणी मांडलेला नाही. बोटीवरून येताना कोणी ट्रान्झिस्टर आणी, कोणी नायलॉनची साडी. मामांनी स्वतःसाठी म्हणून आयुष्यात एकच वस्तू आणली, ती हे जपानी ‘सेको’ घड्याळ. उशीसारख्या आकाराची जाडजूड पोलादी डबी; काळी तबकडी; तिच्यावर बोरांएवढे गोल ठिपके; भोवती मिनिटांच्या खुणांचे फिरते कडे, जे फिरवताना टिक् टिक् वाजते; आणि चावी नेहमीच्या जागी नसून चाराच्या आकड्यापाशी, म्हणजे मनगट वाकवताना ती हाताला रुतू नये. तबकडीवर लिहिले आहे की, १५० मीटरपर्यंत पाणी आत जाणार नाही. पाठीवर एक उसळती लाट कोरलेली आहे.

या जातीच्या घड्याळांच्या पाठीवर जो क्रमांक असतो, त्याचा पहिला अंक म्हणजे सालाचा शेवटचा आकडा आणि दुसरा म्हणजे महिना. मामांच्या घड्याळाचा क्रमांक ७९ ने सुरू होतो. म्हणजे सप्टेंबर १९७७, नाहीतर १९८७. कारण हा नमुना १९७६ पासून १९८८ पर्यंत निघत होता. मी मामींना फोन केला. त्या म्हणाल्या, “थोरला पाळण्यात होता. त्याने ते तोंडात घातले होते.” आमचा थोरला मामेभाऊ १९७८ सालचा. इतिहासाच्या अभ्यासकांना शिलालेखांसाठी कष्ट पडतात. मला एका तान्ह्या पोराच्या दातांनी साल ठरवून दिले.

पण या घड्याळाची माझी स्वतःची ओळख १९८८ सालच्या मे महिन्यातली. मी नऊ वर्षांचा होतो. मामा रजेवर आले होते आणि आम्हा पोरांना विहिरीत पोहायला शिकवत होते. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा आणि पायऱ्यांवरून उडी टाकायची. मामा काठावर बसत, घड्याळाचे कडे फिरवून त्यावरची खूण मिनिटकाट्याशी जुळवत, आणि सांगत, “काटा पंधरावर आला की सगळे बाहेर.” त्या दिवशी काटा पंधरावर आला. मामांनी हाक मारली. मला अजून एक फेरी हवी होती. ती मारताना डब्याची गाठ सुटली.

खाली काय झाले ते मला फारसे आठवत नाही. हिरवा अंधार आठवतो, आणि त्या अंधारात माझ्या डोळ्यांसमोर आलेले ते काळ्या तबकडीवरचे गोल उजळ ठिपके आठवतात. त्यांच्यामागे मामांचा हात होता. काठावर मला पालथे घालून पाणी काढल्यावर मामा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, “वेळ संपली म्हणजे संपली. पाण्याशी घासाघीस करायची नाही.”

हे वाक्य मला त्या वेळी खलाशाचे शहाणपण वाटले. घड्याळ विकण्याच्या निमित्ताने मी जेव्हा त्याचे कुळशील शोधू लागलो, तेव्हा ध्यानात आले की पाणबुड्यांच्या घड्याळाचा सगळा इतिहास म्हणजे या एका वाक्याचे भाष्य आहे.

घड्याळाचे पहिले वैर पाण्याशीच. मनगटी घड्याळात पाणी शिरते ते मुख्यतः चावीच्या भोकातून. १९२६ साली रोलेक्स पेढीच्या हान्स विल्सडॉर्फने स्क्रूसारखी आवळून बसणारी चावी आणि तशीच आवळलेली डबी यांचे घड्याळ काढले आणि त्याचे नाव ठेवले ‘ऑइस्टर’, म्हणजे कालव. पुढच्याच वर्षी त्याला साक्षीदार मिळाला. मर्सिडीज ग्लाइट्झ ही लंडनमधली टंकलेखिका ७ ऑक्टोबर १९२७ रोजी इंग्लिश खाडी पोहून गेली. तसे करणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री. पण थोड्याच दिवसांत दुसऱ्या एका बाईने खाडी पोहल्याचा खोटा दावा केला, आणि लोक ग्लाइट्झबद्दलही शंका घेऊ लागले. बिचारी २१ ऑक्टोबरला पुन्हा पाण्यात उतरली. या वेळी तिच्या गळ्यात विल्सडॉर्फने दिलेले ऑइस्टर होते. पाणी इतके गार होते की, दहा तासांहून अधिक झुंजल्यावर तिला अर्धवट शुद्धीत नावेत ओढून घ्यावे लागले. खाडी पार झाली नाही. गळ्यातले घड्याळ मात्र बिनचूक चालू होते. नोव्हेंबरमध्ये ‘डेली मेल’च्या पहिल्या पानावर त्याची जाहिरात झळकली. माणूस थकला आणि घड्याळ जिंकले, अशी ही सुरुवात. पण ते न थकलेले घड्याळ एका थकलेल्या बाईच्या गळ्यात होते म्हणूनच जगाने त्याच्याकडे पाहिले, हेही विसरता कामा नये.

आता कोणी विचारील, पाण्याखाली माणसाला घड्याळ कशाला? तिथे कोणती गाडी गाठायची असते? याचे उत्तर शरीरशास्त्रात आहे. खोल पाण्यात माणूस दाबाखालची हवा श्वासाने घेतो. त्या हवेतला नायट्रोजन रक्तामांसात विरघळत राहतो. जितके खोल आणि जितका वेळ, तितका अधिक. मग माणूस घाईने वर आला, तर गोटी सोड्याच्या बाटलीची गोटी दाबताच जसा फेस उसळतो, तसे त्याच्या अंगात बुडबुडे उठतात. सांधे पिळवटतात, हातपाय लुळे पडतात, प्रसंगी प्राण जातो. न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल बांधताना नदीच्या तळाशी दाबाच्या हवेत काम करणारे मजूर या व्याधीने पडले. खुद्द मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोब्लिंग १८७२ साली तिने जायबंदी झाला आणि त्याची पत्नी एमिली हिने कामाची सूत्रे हाती धरून १८८३ साली पूल पुरा होईपर्यंत सोडली नाहीत. पुढे हाल्डेन या शास्त्रज्ञाने बकऱ्यांवर प्रयोग करून १९०८ साली कोष्टके प्रसिद्ध केली : इतक्या खोलीवर इतकी मिनिटे राहिलात, तर वर येताना इथे आणि इथे इतका वेळ थांबा. कोष्टक मिळाले. पण कोष्टक वाचायचे तर मिनिटे मोजता आली पाहिजेत.

त्या काळचा पाणबुड्या तांब्याचे शिरस्त्राण घालून नळीने हवा घेई आणि वेळ मोजण्याचे काम वर नावेतला माणूस करी. १९४३ साली कूस्तो आणि गान्यां या दोघा फ्रेंच गृहस्थांनी पाठीवर हवेचे नळकांडे बांधून माशासारखे मोकळे पोहण्याची युक्ती काढली. माणूस मोकळा झाला, आणि त्याच क्षणी एकटा पडला. वेळ सांगणारा वरचा माणूस गेला. ती जागा मनगटावरच्या घड्याळाने भरून काढली.

युद्धाने या कामाला आधीच गती दिली होती. इटालियन नौदलाच्या पाणबुड्यांसाठी फ्लॉरेन्सच्या पानेराई पेढीने अंधारात चमकणारी मोठी घड्याळे बनवली होती. १९४१ च्या डिसेंबरात अवघ्या सहा इटालियन पाणबुड्यांनी रात्रीच्या अंधारात अलेक्झांड्रिया बंदरात शिरून ब्रिटनच्या दोन प्रचंड युद्धनौका निकामी केल्या. अंधारातली ही चमक येई रेडियममधून, आणि तिची किंमत भलत्यांनीच मोजली. अमेरिकेत तबकड्या रंगवणाऱ्या मुली कुंचल्याला टोक यावे म्हणून तो ओठांत धरत. तसे करायला त्यांना शिकवलेच जाई. रेडियम त्यांच्या हाडांत भिनले, जबडे कुजले, कित्येकजणी मेल्या. १९२८ साली न्यू जर्सीतल्या पाचजणींनी कारखान्याशी झगडून भरपाई मिळवली. जुन्या घड्याळाच्या तबकडीवरचे कौतुकाचे ठिपके पाहताना या मुलींना मी मनातल्या मनात नमस्कार करतो.

खरे पाणबुडे घड्याळ जन्मले ते १९५३ साली. स्वित्झर्लंडच्या ब्लांपां पेढीचा प्रमुख झां-झाक फिश्तर याला स्वतःला बुड्या मारण्याचा नाद होता. दक्षिण फ्रान्सच्या समुद्रात एकदा पाण्याखालच्या शोभेत तो असा रमला की वेळेचे भान सुटले आणि हवा संपत आली. कसाबसा वर आला, आणि आल्यावर विचार करू लागला. त्याच सुमारास फ्रेंच नौदलाचे मालुबिये आणि रिफो हे दोन अधिकारी आपल्या पाणबुड्यांसाठी हव्या तशा घड्याळाचे चित्र घेऊन कारखान्यांचे उंबरठे झिजवत होते : काळी तबकडी, ठळक खुणा, बाहेर फिरते कडे. दोघांची गरज जुळली. घड्याळाचे नाव पडले ‘फिफ्टी फॅदम्स’, म्हणजे पन्नास वाव. वाव हे माप आपल्या कोळ्यांना सांगायला नको. दोन्ही हात पसरले की एक वाव. पन्नास वाव म्हणजे सुमारे ९१ मीटर. त्याच वर्षी रोलेक्सने ‘सबमरीनर’ तयार केले, शंभर मीटरचे. कूस्तोच्या ज्या पाण्याखालच्या चित्रपटाने १९५६ साली कान महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक मिळवले, त्यात पाणबुड्यांच्या हातांवर हे पन्नास वावांचे घड्याळ दिसते. आणि २३ जानेवारी १९६० रोजी पिकार आणि वॉल्श हे दोघे ‘त्रिएस्ते’ नावाच्या यानातून मारियाना गर्तेत १०,९१६ मीटर खाली उतरले, तेव्हा यानाच्या बाहेर बांधलेले एक रोलेक्स त्यांच्याबरोबर खाली जाऊन चालत्या स्थितीत परत आले.

या सर्वांत मला मोठे वाटते ते बाहेरचे कडे. बुडी मारताना कड्यावरची खूण मिनिटकाट्यासमोर आणायची. पुढे काटा कड्यावरच्या ज्या आकड्यावर असेल, तितकी मिनिटे झाली. बेरीज नाही, वजाबाकी नाही. खोल पाण्यात शहाण्याचीही बुद्धी मंदावते, म्हणून ही सोय. फिश्तरने पुढचाही विचार केला. कडे कशाला घासून सरकले तर? म्हणून त्याने ते दाबल्याखेरीज फिरू नये असे केले. पुढे कडे एकाच बाजूला, उलट्या दिशेने फिरेल, असे करण्याची रीत पडली. धक्का लागून ते सरकलेच, तर झाला त्याहून जास्त वेळ दाखवील, आणि पाणबुड्या लवकर वर येईल. हे समजले तेव्हा मी वाचता वाचता थांबलो. चूक टाळता येत नाही हे गृहीत धरून, ती चूक जिवाच्या बाजूने व्हावी अशी तजवीज! आम्ही मास्तर लोक मुलांच्या चुका मोजण्यात हयात घालवतो. चूक झाली तरी मूल बुडू नये असे कडे आम्हाला अजून बसवता आलेले नाही.

आपल्या मुंबईचाही या इतिहासात वाटा आहे. फेवर-ल्युबा ही स्विस पेढी १८६५ च्या सुमारास मुंबईत आली आणि तिने पिढ्यान्‌पिढ्या आपल्याकडचे जावई सजवले. तिचे ‘सी चीफ’ आणि ‘सी किंग’ हातावर बांधणाऱ्या कारकुनांनी समुद्र पाहिला तो चौपाटीवर भेळ खाताना. पण त्याच पेढीने १९६४ साली ‘डीप ब्लू’ हे खरे पाणबुडे घड्याळ काढले आणि १९६८ साली ‘बाथी’, ज्यात वेळेबरोबर पाण्याची खोलीही काट्याने कळे. जपान या शर्यतीत १९६५ साली उतरला. सेकोच्या त्या पहिल्या १५० मीटरच्या घड्याळाने दक्षिण ध्रुवावरच्या जपानी मोहिमांत चाकरी केली. १९६८ साली हिरोशिमाजवळच्या कुरे गावातल्या एका पाणबुड्याने सेकोला पत्र लिहिले की, आम्ही तीनशे मीटरच्या खाली काम करतो आणि तिथे तुमची घड्याळे टिकत नाहीत. कंपनीने ते पत्र केराच्या टोपलीत टाकले नाही. सात वर्षे खपून १९७५ साली तिने टायटॅनियमच्या डबीचे ६०० मीटरचे घड्याळ काढले. मामांचे घड्याळ याच घराण्यातले, गरीब शाखेचे.

पुढची कथा थोडी उदास आहे. १९६९ च्या नाताळात टोकियोत स्फटिकावर चालणारे पहिले मनगटी घड्याळ विक्रीला आले, आणि चाके-स्प्रिंगांची घड्याळे एकाएकी म्हातारी झाली. स्वित्झर्लंडमध्ये १९७० च्या सुमारास ९०,००० माणसे या धंद्यात होती. पंधरा-सोळा वर्षांत त्यांची संख्या तिसऱ्या हिश्श्यावर आली. १९८० नंतर पाणबुड्यांच्या मनगटावर छोटे संगणक आले, ते खोली, वेळ, विश्रांती सगळे सांगतात. म्हणजे जुन्या पाणबुड्या घड्याळाला आज काहीच काम उरलेले नाही. आणखी मौज अशी की, त्याला आता पाण्यातही नेता येत नाही. आतले रबरी वायसर वाळून कडक होतात. पन्नास वावांचा पराक्रमी वीर हात धुतानाही जपावा लागतो.

तरी लोक ते हौसेने घेतात आणि घालतात. का? हा प्रश्न घेऊन मी आमच्या गावातल्या एका वृद्ध घड्याळजींकडे गेलो. त्यांनी डोळ्याला भिंग लावून घड्याळ बराच वेळ पाहिले. म्हणाले, “मास्तर, तबकडी नवी रंगवून देऊ? ठिपके पांढरेशुभ्र होतील. साधे गिऱ्हाईक खूश होईल. पण जाणकार असेल तर हात लावणार नाही.” आणि मग त्यांनी मला सांगितले की, आपल्याकडे रंगवून, जोडतोड करून बाहेर विकल्या जाणाऱ्या जुन्या घड्याळांना परदेशी शौकिनांनी ‘मुंबई स्पेशल’ असे कुत्सित नाव ठेवले आहे. मला ते लागले. घड्याळजी मात्र शांतपणे म्हणाले, “सुटे भाग मिळत नसत तेव्हा आम्ही मिळेल ते चाक घासून बसवले आणि गरिबाचे घड्याळ चालू ठेवले. ती लबाडी नव्हती. जुने आहे ते मुळातले म्हणून विकणे, ही लबाडी.”

मला माझे उत्तर मिळाले. मामांच्या तबकडीवरचे ठिपके पिवळे पडले आहेत, ते आता अंधारात चमकत नाहीत. कड्याच्या एका बाजूला ओरखडा आहे. तो विहिरीच्या दगडाचा, असे मी मानतो. हे सगळे पुसून टाकले तर घड्याळ नवे दिसेल, पण मग त्याला काही आठवणार नाही. जुनी वस्तू आपण वेळ पाहण्यासाठी घालत नाही. ती कोणाच्या तरी वेळेची साक्षीदार असते, आणि तिची साक्ष खोटी होऊ नये एवढीच आपली जबाबदारी.

मी घड्याळजींना विचारून घड्याळाची रास्त किंमत ठरवली आणि मामींना फोन केला. म्हटले, “गिऱ्हाईक मिळाले. पैसे तीन हप्त्यांत देईल. पहिला हप्ता कौलांपुरता आहे.”

मामी क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मास्तर आहे का रे गिऱ्हाईक?”

मी हो म्हणालो. वाटले, आता त्या पैसे नाकारतील आणि मला वाद घालावा लागेल. पण मामी खलाशाची बायको. म्हणाल्या, “बरे. पैसे पाठव, गवंडी थांबलाय. पण एक सांगते. ते पेटीत ठेवू नको. त्याला चावी देता येत नाही. हातावर असले तर चालते, नाहीतर बंद पडते. ते बोटीवर गेले नि घड्याळ घरी विसरले, तेव्हा मी दोन महिने ते हातात घालून भाकऱ्या थापल्या होत्या.”

मामींचे म्हणणे अक्षरशः खरे आहे. या जातीच्या घड्याळात एक अर्धगोल वजन असते. हात हलला की ते फिरते आणि स्प्रिंग आवळते. चावीने ते भरताच येत नाही. माणसाने घातले तरच ते जगते.

पडवीची कौले आता घालून झाली आहेत. या सुट्टीत मी माझ्या मुलीला घेऊन मामींकडे जाणार आहे. ती नऊ वर्षांची आहे आणि तिला पोहायला शिकायचे आहे. डब्याची गाठ मी स्वतः मारीन, दोनदा. मी काठावर बसेन, कडे फिरवीन, आणि खूण काट्याशी जुळवताना ती दोन मिनिटे आधीच लावीन. म्हणजे चूक झालीच, तर ती जिवाच्या बाजूने व्हावी.